‘नोबिलिसिमस सीझर’ला मराठीत काय म्हणावं?

चिंचगूळ: एका प्रदर्शनासाठी रोमन नाण्यांच्या पाट्या मराठीत लिहितेय. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा थोरला मुलगा क्रिस्पस, त्याच्या छोट्या ब्राँझच्या नाण्यावर ‘नोब सीझ’ असा त्रोटक मजकूर आहे, म्हणजे ‘नोबिलिसिमस सीझर’ (‘अतिथोर सीझर’) ही लॅटिन पदवी. मी ‘युवराज क्रिस्पस’ लिहिलं. तपासनिसांनी खोडून ‘सम्राट’ केलं! बिचारा सम्राट झालाच नाही, ३२६ मध्ये बापानंच मारवला. सीझर म्हणजे युवराजच ना?

नाणेघाट: सम्राट चूकच, तो मान ‘ऑगस्टस’चा. पण युवराज एकच असतो हो. ३१७ मध्ये क्रिस्पस, त्याचा तान्हा भाऊ आणि पूर्वेकडचा सम्राट लिसिनियस याचा मुलगा, तिघे एकदम सीझर झाले. ‘सीझर’च ठेवा, खाली टीप द्या.

चिंचगूळ: टीपेला जागा नाही.

जुनं_खोड: ‘पाटवी’ काय वाईट आहे? आणि सीझरच हवा तर ‘कैसर’ म्हणा. मूळ लॅटिन उच्चाराला तोच जवळचा, कैसर-ए-हिंदमुळे कानावरचाही.

नाणेघाट: पाटवी म्हणजे थोरला लेक. मार्कस ऑरेलियस तर सम्राट अँटोनायनस पायसचा दत्तक. सीझर असतानाचे त्याचे सेस्टर्टियस (मोठी रोमन नाणी) पाहा: कुरळ्या केसांचा पोरगा, डोकं उघडं. पानांचा मुकुट बापाला. दत्तकाला पाटवी म्हणणार?

जुनं_खोड: म्हणणार की! आपल्याकडे दत्तक गादीवर बसले नाहीत होय? शिवाय पाटवी ‘पाटा’वरून नाही, ‘पट्टा’वरून, डोक्याला बांधायचा तो. बृहत्संहिता या जुन्या संस्कृत ग्रंथात राजाच्या पट्टाला पाच शिखा, युवराजाच्या तीन, सेनापतीच्या एक. कॉन्स्टंटाइनच्या उतारवयातल्या नाण्यांवर रत्नजडित पट्टी दिसते, ती दुसरं काय आहे?

नाणेघाट: ती ग्रीक राजांकडून आलेली. सगळं आपल्याकडून गेलं नाही, काका.

वांगीभात: ते असो, पण ‘ब्राँझ’ कशाला? कासं म्हणा! काशाच्या वाटीनं तळपाय घासून घेतलेली माणसं आपण.

नाणेघाट: सेस्टर्टियस पितळेचा, अ‍ॅस हे छोटं नाणं तांब्याचं. ‘ब्राँझ’ हे संग्राहकांनी सरसकट पाडलेलं नाव. कासं म्हटलंत तर धातूच चुकेल.

वांगीभात: कासार काय फक्त कासं विकतो? आमचा तर बांगड्याही भरतो.

जुनं_खोड: कासार ‘कांस्यकार’वरून. बांगड्यांचं प्रकरण वेगळं, सविस्तर लिहितो.

चिंचगूळ: काका, पाटी उद्या छापायला जातेय. युवराज की सीझर?

वांगीभात: लिहा काका, बांगड्यांचं लिहाच.