लिलाव जिंकला, पण विकणारा माल देईना: अनुभव धागा

धागाकर्ती

शेवटची बोली आपली ठरते, अभिनंदनाचा निरोप येतो आणि दुसऱ्या दिवशी विकणारा कळवतो की वस्तू पॅक करताना फुटली, सापडत नाही किंवा भावाने परस्पर कुणाला देऊन टाकली. बहुतेक वेळा खरं कारण एवढंच असतं की बोली त्याच्या मनातल्या आकड्यापर्यंत पोचली नाही. कॅमेरे, घड्याळं, नाणी, गाड्या, बँकांनी लिलावात काढलेल्या जागा, काहीही चालेल. कोण किती नालायक निघाला ते नको. काय करायचं, कुठे अडतं आणि का अडतं, ते लिहा.

जुनी_लेन्स

ईबेपुरतं सांगतो. भारतातलं ईबे ऑगस्ट २०१८मध्येच बंद झालं, त्यामुळे हे अमेरिका-इंग्लंडातल्या मंडळींच्या कामाचं.

लिलाव संपला की तासाभरात पैसे भरून टाका. भरायला चार दिवस असतात, पण तेवढ्यात विकणाऱ्याचं मन फिरलं आणि मुदत उलटली, तर "पैसे आले नाहीत" या कारणाखाली तो व्यवहार मोडतो आणि खोट तुमच्या नावावर लागते. पैसे जमा असले की त्याला कारण निवडावं लागतं. "माल शिल्लक नाही किंवा खराब झाला" हे निवडलं तर त्याच्या खात्यावर दोष नोंदला जातो. तो टाळण्यासाठी तो लाडीगोडी लावतो: "तुम्हीच रद्द करायला सांगा ना, पैसे लगेच परत देतो." असं एक अक्षरही लिहून देऊ नका. तुम्ही न मागता "ग्राहकाच्या विनंतीवरून रद्द" असा निरोप आला, तर त्याच दिवशी तक्रार करा आणि सोबत त्याचे स्वतःचे संदेश जोडा. म्हणून बोलणं ईबेच्या संदेशांतच ठेवायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलात तर ते ईबेला दिसत नाही.

पान उघडं असतानाच पीडीएफ करून ठेवा: बारा आकडी आयटम नंबर, वर्णन, बोलींचा इतिहास, सगळे फोटो. फोटोंत सिरीयल नंबर, ओरखडे, बुरशीचे डाग नीट दिसतात का ते बघा. "फुटलेली" लेन्स महिन्याभरात जास्त किमतीला पुन्हा विक्रीला आली, तर तीच आहे हे त्या डागांवरूनच सिद्ध करता येतं. त्या मॉडेलचा शोध जतन करून सूचना चालू ठेवा.

दुसरी युक्ती ट्रॅकिंगची. लेन्सऐवजी एखादं पाकीट त्याच गावात कुठेतरी पोचतं आणि नोंद "डिलिव्हर्ड" दिसते. अशा वेळी कुरिअरकडून पार्सलचं वजन आणि पोचवल्याचा पत्ता लेखी मागवा. अर्धा किलोच्या लेन्सचं पार्सल चाळीस ग्रॅमचं भरत नाही. माल न मिळाल्याची तक्रार अंदाजे पोच-तारखेनंतर ३० दिवसांत नोंदवावी लागते. विकणाऱ्याला उत्तरासाठी कामकाजाचे ३ दिवस मिळतात, मग ईबेला मध्ये घालता येतं. पेपालमध्ये वाद नोंदवायला १८० दिवस आहेत. मात्र "मित्र आणि कुटुंब" या प्रकाराने पैसे पाठवले असतील तर कसलंच संरक्षण नाही.

आणि हे ध्यानात असू द्या की ईबे पैसे मिळवून देतं, वस्तू नाही. वस्तू द्यायला कोणतंही संकेतस्थळ कुणाला भाग पाडत नाही.

बायर्नचा_बाळू

लेन्सभाऊंचं शेवटचं वाक्य खरं, पण प्रकरण तिथे संपत नाही. जर्मनीत तर मुळीच नाही. इथे लिलावाला वस्तू लावणं हाच बांधील प्रस्ताव धरतात. एकाने जुनी फोक्सवॅगन पासाट एक युरोपासून लिलावाला लावली. ग्राहकाने कमाल ५५५.५५ युरोची बोली लावून ठेवली. बाहेर ४,२०० युरो देणारा भेटला म्हणून मालकाने लिलाव मध्येच मोडला. तेव्हा चालू बोली एक युरोचीच होती. गाडीची बाजारकिंमत ५,२५० युरो धरली गेली आणि नोव्हेंबर २०१४मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ग्राहकाला ५,२४९ युरो भरपाईचा हक्क मान्य केला. "एवढ्या स्वस्तात कसं देऊ?" हा बचाव चालला नाही. लिलावाची ती जोखीम त्याने स्वतःच पत्करली होती.

२०१६चा गोल्फ गाडीचा निकाल आणखी मासलेवाईक आहे. मालक दुसऱ्या खात्यावरून स्वतःच बोली चढवत होता. न्यायालयाने त्या बोली बाजूला काढल्या. खऱ्या ग्राहकाची बोली उरली दीड युरोची. भरपाई १६,५०० युरो!

व्यवहारात करायचं एवढंच: तारीख घालून लेखी मागणी करा, चौदा दिवस द्या, पत्र रजिस्टर पाठवा. त्यात "वस्तू द्या, नाहीतर बोली आणि बाजारभाव यांतला फरक द्या" असं स्पष्ट लिहा. नुसतं "पैसे परत करा" लिहिलंत, तर तुम्हीही करार सोडला असा अर्थ लावायला त्याला जागा मिळते.

टपालखातं

बाळूशेठ, विकणारा दरवेळी लबाडच असतो असं नाही. विकायला काढलेली वस्तू मध्येच चोरीला गेली तर लिलाव मागे घेता येतो, असा २०११चा निकालही त्याच न्यायालयाचा आहे, कॅमेऱ्याचा. कारण खरं आहे का ते आधी विचारा, चोरीच्या तक्रारीची प्रत मागा.

लेस्टरची_सून

इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंत स्मॉल क्लेम्सचा (छोट्या दाव्यांच्या कोर्टाचा) मार्ग आहे, वकील लागत नाही. आधी दावापूर्व पत्र पाठवायचं. मागायचं काय, तर तुमची बोली आणि बाजारभाव यांतला फरक. लोक इथेच घसरतात: बाजारभाव म्हणून लोकांनी *मागितलेल्या* किमती लावतात. ईबेवर "विकलेल्या वस्तू" ही गाळणी लावा, साधारण मागच्या ९० दिवसांचे झालेले सौदे दिसतात. तशाच अवस्थेतल्या तीन-चार वस्तूंचे सौदे काढा, टपालखर्च वेगळा दाखवा. फरक वीस पौंडांचा निघाला तर सोडून द्या, कोर्ट-फीच त्याहून जास्त जाईल.

वस्तू एकमेव असेल तर खुद्द वस्तूच मागता येते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टाने २००७मध्ये विरावे (Wirraway) जातीचं जुनं विमान दीड लाख डॉलरच्या ईबे-बोलीवर ग्राहकाला द्यायला लावलं होतं.

तालुका_कोर्ट

भारतातलं सांगते. मालविक्री कायदा १९३०, कलम ६४: हातोडा पडला, किंवा रूढ पद्धतीने विक्री जाहीर झाली, की विक्री पूर्ण. आधी न सांगता विकणाऱ्याने स्वतः बोली लावली तर ग्राहक ती विक्री फसवणूक मानू शकतो. माल न दिल्याची भरपाई कलम ५७ खाली, ठरावीक वस्तूच हवी असेल तर कलम ५८. पण आधी लिलावाच्या अटी वाचा. "विक्रेत्याच्या मंजुरीअधीन" असं छापलेलं असेल तर सर्वात मोठी बोली म्हणजे नुसता प्रस्ताव, आणि वरची सगळी कलमं लटकतात.

विकणारा व्यापारी असेल तर ग्राहक आयोग. आधी संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा: ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असा २०२०चा नियम आहे. मग १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक, मग ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या संकेतस्थळावर तक्रार. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंत फी नाही. एकदाच घरची वस्तू विकणाऱ्या माणसावर हा कायदा चालत नाही, तिथे दिवाणी दावा. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडा, त्यात हॅश, म्हणजे फाइलवरून निघणारा ओळख-आकडा, लागते. म्हणून मूळ फाइल कापू-छाटू नका.

पैसे घेऊन माणूस गायबच झाला असेल, तर ही वाट सोडा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

पनवेलकर

बँकेच्या ई-लिलावातल्या जागांचं. बोली जिंकली की अनामत धरून २५ टक्के त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी तीन महिन्यांच्या पुढे नाही. चुकलात तर भरलेलं जप्त. म्हणून गृहकर्जाची तत्त्वतः मंजुरी बोलीच्या *आधी* हवी. ५० लाख किंवा त्यावर एक टक्का टीडीएस विसरू नका, नाहीतर रक्कम कमी भरली की जास्त यावर घोळ होतो.

इथे बँक मागे सरते ती बहुधा कर्जदार ऐनवेळी पैसे घेऊन आल्यावर. बँकांच्या कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्यातल्या २०१६च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा सोडवणुकीचा, म्हणजे कर्ज फेडून जागा परत घेण्याचा, हक्क संपतो. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स हा सप्टेंबर २०२३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जवळ ठेवा. बोली १०५.०५ कोटींची होती. नंतर कर्जदाराने १२९ कोटी देऊ केले आणि मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केलं. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवून जागा बोलीदारालाच दिली, मात्र वरचे २३.९५ कोटी त्याला भरायला लावले.

तेव्हा विक्री-प्रमाणपत्र हातात येईपर्यंत बँकेला दर पत्रात दोन गोष्टी मागत राहा: विक्री कायम केल्याचं पत्र आणि प्रमाणपत्राची तारीख. शाखेत तोंडी बोलू नका, अधिकृत अधिकाऱ्याच्या नावाने ईमेल करा.