मदत हवी आहे: लेकाला मोठ्या गटात आत्ता घालावं की वर्षभर थांबावं?

नमस्कार मंडळी,

फॉर्म भरायची मुदत जवळ आली आहे आणि आमचं काही ठरत नाहीये. शाळेचा नियम असा, की ठरलेल्या तारखेला पाच वर्षं पूर्ण असतील तरच मोठ्या गटात प्रवेश. आमचा मुलगा त्या तारखेच्या जेमतेम आठवडाभर आधीचा. म्हणजे नियमात बसतो, पण वर्गात सगळ्यात लहान तोच असणार. शेजारी बसणारं मूल त्याच्याहून अकरा महिन्यांनी मोठं असू शकतं, आणि पाच वर्षांच्या मुलासाठी अकरा महिने म्हणजे आयुष्याचा जवळपास पाचवा हिस्सा.

घरचे म्हणतात, "अक्षरं ओळखतो, शंभरपर्यंत आकडे म्हणतो, मग अडलंय कुठे?" मला अक्षरांची काळजी नाहीच. बुटाचा पट्टा नीट बसला नाही तर तो मदत मागत नाही, बूट भिरकावून देतो आणि जमिनीवर अंग टाकतो. खेळगटात गाणं चालू असताना हातात गाडी घट्ट धरून कडेला उभा राहतो, ओठ तेवढे हलतात. घरी आल्यावर मात्र तेच गाणं हातवाऱ्यांसकट अख्खं म्हणून दाखवतो!

वाचलं तेवढ्याने गोंधळ वाढलाच. अमेरिकेत ज्या राज्यांमध्ये १ सप्टेंबर ही कट-ऑफ तारीख आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान असणाऱ्या मुलांना एडीएचडीचं (लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा हा विकार) निदान सप्टेंबरमधल्या मुलांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त होतं, असं २०१८ च्या एका अभ्यासात आढळलं. ही कट-ऑफ नसलेल्या राज्यांत असा फरक दिसला नाही. मला तरी याचा अर्थ एवढाच लागतो, की वयाने लहान असण्यालाच कधीकधी आजार समजलं जातं. डेन्मार्कमध्ये वर्षभर उशिरा शाळेत गेलेल्या मुलांमध्ये सातव्या वर्षी चंचलपणा आणि लक्ष न लागणं बरंच कमी दिसलं. दुसरीकडे, उशिरा घातलेल्या मुलांची अभ्यासातली सुरुवातीची आघाडी पुढच्या इयत्तांत ओसरत जाते, असंही बऱ्याच ठिकाणी वाचलं. फिनलंडमध्ये पहिली सातव्या वर्षी असते हे उदाहरण सगळे देतात, पण तिथे त्याआधीचं पूर्वप्राथमिक वर्ष २०१५ पासून सक्तीचं आहे. तेव्हा थांबायचं म्हणजे नुसतं घरी बसवायचं असं नव्हे, हे मला पटलंय.

ज्यांची मुलं अशी अगदी काठावरची होती, त्यांनी काय केलं? आणि दोन-तीन वर्षांनी तो निर्णय कसा वाटला?

प्रतिसाद

ताई, मी बालवाडीत शिकवते. आकडे, अक्षरं शाळेत येतातच, त्यासाठी थांबायची गरज नसते. तुम्ही सोडून गेल्यावर तो किती वेळात सावरतो? शू लागली हे बाईंना सांगतो का? "दप्तर ठेव आणि चटईवर बस" अशा दोन गोष्टी एका दमात सांगितल्या तर करतो का? हे त्याच्या खेळगटाच्या ताईंना विचारा, कारण आपल्यासमोर मुलं वेगळी वागतात. कडेला उभं राहून सगळं टिपणारं मूल मला तरी मागे पडलेलं वाटत नाही. चिडल्यावर शब्द न सुचणं या वयात बऱ्याच मुलांचं होतं, पण एरवीही बोलणं अस्पष्ट किंवा कमी वाटत असेल तर कान आणि वाचा तपासून घ्या. त्यासाठी मात्र वर्ष थांबू नका.

शाळेला एक गोष्ट आत्ताच विचारा. वर्षभर थांबलात तर पुढच्या वर्षी त्याला मोठ्या गटातच घेणार, की वयाप्रमाणे थेट पहिलीत बसवणार? इंग्लंडमध्ये एप्रिल ते ऑगस्टमधल्या मुलांसाठी पालकांना वर्षभर उशिराची विनंती करता येते, तिथेही हाच पेच येतो. थेट पहिली असेल तर थांबून उलट नुकसानच.

मूळ धागाकर्ती

हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या शाळेत विचारते, आणि मोठ्या गटात रोज किती वेळ बसून लिहायला लावतात तेही विचारते. इथे लिहीनच. बाकीच्यांनी कृपया आपापले अनुभव सांगा, विशेषतः ज्यांनी न थांबता घातलं त्यांनी.