मदत हवी आहे: गाडीचा एसी आवाज करतो आणि हवा गार येत नाही

तापीकाठ (भुसावळ): गेल्या पंधरा दिवसांपासून एसी लावला की खरखर असा आवाज येतो आणि हवा जेमतेम गार लागते. एका गॅरेजमध्ये दोनदा गॅस भरून घेतला. पहिल्या वेळी थोडा फरक जाणवला, दुसऱ्या वेळी तर अधिकच बिघडले. इकडे पारा ४५ च्या पुढे गेला आहे आणि शनिवारी आईला डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीसाठी नाशिकला न्यायचे आहे. काचा उघड्या ठेवल्या तर धूळ आणि झळा थेट तिच्या डोळ्यावर येतील. कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) बदलावा लागेल का, एवढे कृपया लवकर सांगावे.

केळीबाग (रावेर): बदलूनच टाका. माझ्या गाडीलाही असाच आवाज येत होता, मी चार महिने टाळाटाळ केली आणि शेवटी कॉम्प्रेसर भर रस्त्यात जाम झाला. शनिवार जवळ आला आहे, उगाच वेळ घालवू नका.

जुना मिस्त्री (जळगाव): भाऊ, एवढ्या माहितीवर कॉम्प्रेसर बदलायला सांगणे योग्य नाही. गाडी किती जुनी आहे? आवाज बॉनेटमधून येतो की डॅशबोर्डच्या आतून? एसीचे बटण बंद ठेवून नुसता ब्लोअर (हवा आत ढकलणारा पंखा) लावला तरी येतो का? आणि चालत्या गाडीत हवा गार लागून गाडी उभी राहिली की गरम होते, असे घडते का?

पांझराकाठ (धुळे): काचांवर फिल्म लावून पाहा, एसीवरचा भार पुष्कळ कमी होतो. मात्र नियमाप्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, हे दुकानदाराकडून तपासून घ्या.

तापीकाठ: फिल्मबद्दल मी विचारलेले नाही. गाडी २०१४ ची पेट्रोलची आहे, ८२ हजार किलोमीटर झाले आहेत. आवाज एसीचाच आहे, म्हणजे डावीकडे पायांजवळून येतो. आत्ता बटण बंद करून पाहिले, तर नुसत्या ब्लोअरवरही आवाज आला आणि वेग वाढवला तसा तोही वाढला. महामार्गावर हवा बरी लागते. जळगावात अजिंठा चौफुलीला सिग्नलवर थांबलो की गरम वारा येऊ लागतो.

जुना मिस्त्री: हीच माहिती हवी होती. तुमच्या गाडीत दोन वेगवेगळे दोष दिसतात आणि तुम्ही ते एकच समजत आहात. खरखर ब्लोअरची आहे, कॉम्प्रेसरचा तिच्याशी काही संबंध नाही. गाडी कडुनिंबाखाली उभी करत असाल, तर फाल्गुन-चैत्रात गळलेली पाने काचेखालच्या जाळीतून आत जाऊन पंख्यात अडकतात. ग्लोव्हबॉक्स काढून पाहा. केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) असेल तर तोही पाहा. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये फिल्टरची फक्त जागा असते, फिल्टर नसतो.

उभ्या गाडीत गरम हवा येते, याचा अर्थ कंडेन्सरला, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला गॅस थंड करणाऱ्या जाळीला, पुरेसा वारा मिळत नाही. एसी लावून बॉनेट उघडा आणि कंडेन्सरमागचा पंखा फिरतो का ते पाहा. तो कधीही अचानक सुरू होतो, त्यामुळे हात लांब ठेवा. मग कंडेन्सरवर तांब्याभर पाणी शिंपडा. तेवढ्यापुरती हवा गार झाली तर दोष वाऱ्याचाच, हे पक्के समजा.

केळीबाग: मग गॅस दोनदा का भरावा लागला? गळती नक्की आहे. लीक थांबवणारे द्रव्य मिळते, ते आत सोडा.

जुना मिस्त्री: कृपया ते द्रव्य घालू नका. ते ओलाव्याशी संयोग होऊन घट्ट होते आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅस पुढे सोडणारी बारीक झडप) तुंबवू शकते. पुढे गळती शोधणेही अवघड होते. शिवाय गॅस भरावा लागला असे कोणी सिद्ध केले आहे? गॅरेजवाल्याने बहुधा गेजचा (दाबमापकाचा) काटा पाहून वरून भरला असेल. आपल्याकडच्या दुपारी दाब मुळातच चढलेला असतो, त्यामुळे काट्यावरून अंदाज फसतो. जुना गॅस काढून, अर्धा तास व्हॅक्यूम करून (आतली हवा ओढून काढून), बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिला आहे तितकाच ग्रॅम वजनाने भरायचा असतो. जास्त गॅसनेही थंडावा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. दुसऱ्या वेळी अधिक बिघडले, असे तुम्हीच लिहिले आहे.

केळीबाग: माझा कॉम्प्रेसर जाम झाला होता, ही गोष्ट खरी आहे.

जुना मिस्त्री: खरी असेलच. पण तुमचा आवाज बॉनेटमधून येत होता की पायांजवळून, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही.

तापीकाठ: आज सकाळी ग्लोव्हबॉक्स काढला. ब्लोअरच्या पात्यांमध्ये मूठभर वाळलेली निंबाची पाने आणि काड्या निघाल्या. फिल्टर नव्हताच, नुसता खाचा होता. आता खरखर पूर्ण थांबली आहे आणि हवेचा जोरही वाढला आहे. कंडेन्सरवर कापसाची तूस आणि धूळ यांचा नमद्यासारखा थर होता, कारण मी रोज जिनिंगच्या (कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) रस्त्याने जातो. नळीच्या हलक्या धारेने तो धुतला. पंखा मात्र एसी लावून दहा मिनिटे झाली तरी फिरला नाही आणि पाणी शिंपडल्यावर हवा लगेच गार झाली. फ्यूज चांगला आहे. शेजारचा तसाच रिले (पंख्याला वीज सोडणारा स्विच) काढून त्या जागी लावून पाहावा, की आधी मोटारीला थेट बॅटरीवरून वीज देऊन पाहावी? शनिवारला तीनच दिवस उरले आहेत.

जुना मिस्त्री: आधी रिले बदलून पाहा, ते दोन मिनिटांचे काम आहे. पंखा फिरू लागला तर वजनाने गॅस भरण्यासाठी सकाळी लवकर या, ऊन चढायच्या आत.