डिपेंडंट केअर एफएसएचे पैसे अडकले आहेत, मदत हवी आहे

डॅलसवासी:
नमस्कार. या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, माझ्या पगारातून एफएसएसाठी (अमेरिकेत कंपनीमार्फत मिळणारे करमुक्त खर्चाचे खाते) 5,000 डॉलर कापले गेले असून त्यातला एकही डॉलर अद्याप परत मिळालेला नाही. दोनदा दावा केला आणि दोन्ही वेळा तो नाकारला गेला. 31 डिसेंबरनंतर उरलेले पैसे बुडतात, असे सहकारी सांगतात. ते परत मिळवण्याचा खात्रीचा मार्ग कोणाला ठाऊक असल्यास कृपया लवकर सांगावा.

मीनल_ऑस्टिन:
यात घाबरण्यासारखे काहीच नाही. वर्षअखेरीस पैसे उरले की मी सरळ खरेदी करते. चष्म्याची दुसरी जोडी, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, उन्हाचे मलम असे बरेच काही चालते. 2020 च्या केअर्स कायद्यापासून चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधे आणि सॅनिटरी पॅडसुद्धा चालतात. शिवाय कंपनीने सवलत दिलेली असल्यास 2025 मधील 660 डॉलरपर्यंतची शिल्लक पुढच्या वर्षात नेता येते.

शंकासुर:
मीनलताई, आपली यादी आरोग्याच्या एफएसएची आहे, आणि त्याची 2025 ची मर्यादा 3,300 डॉलर आहे. ज्या अर्थी 5,000 कापले गेले आहेत, त्या अर्थी हे खाते डिपेंडंट केअरचे, म्हणजे मुलांच्या सांभाळाच्या खर्चाचे, असणार, आणि त्यातून चष्मा घेता येत नाही. धागाकर्त्याने कृपया तीन गोष्टी सांगाव्यात: मुलाचे वय किती, नकाराचे कारण काय लिहिले आहे आणि पत्नी नोकरी करतात का?

डॅलसवासी:
होय, डिपेंडंट केअरच. मला वाटले ते शीर्षकावरूनच कळेल. मुलगी चार वर्षांची आहे आणि डेकेअरची फी महिना 1,300 डॉलर आहे. पहिल्या वेळी मी बँकेचे विवरण जोडले होते, दुसऱ्या वेळी जानेवारीच्या आगाऊ भरलेल्या फीची पावती. पहिल्या नकारात ‘सेवेच्या तारखा नाहीत’ असे लिहिले आहे, दुसऱ्यात ‘सेवा अद्याप मिळालेली नाही’ असे. फी भरली आहे, हे दिसत असताना आणखी काय हवे? आणि पत्नीच्या नोकरीचा येथे काय संबंध आहे?

न्यूजर्सीकर:
मी अनेक धाग्यांवर हेच लिहिले आहे आणि पुन्हा लिहितो: एफएसएच्या नादी लागू नका, एचएसए (आरोग्य बचत खाते) घ्या. त्यात पैसे बुडत नाहीत, गुंतवता येतात आणि नोकरी बदलली तरी खाते आपलेच राहते.

शंकासुर:
एचएसएमधून डेकेअरची फी देता येत नाही, त्यामुळे हा सल्ला कितीही चांगला असला तरी या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.

न्यूजर्सीकर:
डिपेंडंट केअर एफएसए आणि एचएसए एकाच वेळी ठेवता येतात. अडचण येते ती आरोग्याच्या साध्या एफएसएची, आणि तो जोडीदाराच्या कंपनीचा असला तरीही येते. लोकांना हे माहीत नसते म्हणून लिहिले.

आकडेमोड:
डॅलसवासी, दोन्ही नकार नियमाला धरून आहेत. या खात्यात खर्च फी भरल्याच्या दिवशी झाला असे धरत नाहीत, मुलाला प्रत्यक्ष सांभाळले गेले त्या दिवशी झाला असे धरतात. त्यामुळे जानेवारीची फी डिसेंबरमध्ये भरली तरी ती जानेवारीचाच खर्च ठरते, आणि बँकेच्या विवरणात तर सेवेच्या तारखा नसतातच. डेकेअरकडून मुलीचे नाव, सेवेचा कालावधी, रक्कम आणि संस्थेचे नाव असलेली पावती घ्या. दुसरे असे की, 31 डिसेंबर ही बहुधा खर्चाची मुदत असते. त्या तारखेपर्यंतच्या खर्चाचे दावे करायला बहुतेक योजनांत पुढचे काही आठवडे मिळतात, ती तारीख आपल्या योजनेच्या कागदात पाहा.

आता पत्नीविषयी. दोघेही नोकरी करत असतील, नोकरी शोधत असतील किंवा एक जण पूर्णवेळ विद्यार्थी अथवा स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असेल, तरच डेकेअरचा खर्च या सवलतीत बसतो. खाते सांभाळणारी कंपनी हे तपासत नाही. दाव्यावरील आपल्या सहीवर ती विसंबते, आणि हिशेब होतो तो करविवरण भरताना.

डॅलसवासी:
पत्नी एच-4 वर (नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आहे, कामाचा परवाना नाही. ऑगस्टपासून ती पूर्णवेळ मास्टर्स करते आहे. म्हणजे माझे 5,000 गेले का? कृपया हो किंवा नाही एवढेच सांगा.

कोथरूडची_आजी:
मुलीला आजीकडे ठेवावे आणि तेच पैसे आजीला द्यावेत, म्हणजे पैसे घरातच राहतील. मी पुढच्या उन्हाळ्यात लेकाकडे जाणारच आहे.

शंकासुर:
आजी, व्हिजिटर व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही, आणि सांभाळणाऱ्याचा कर-क्रमांकही करविवरणासोबतच्या फॉर्म 2441 वर द्यावा लागतो. कृपया लेकाला या भानगडीत पाडू नका.

कोथरूडची_आजी:
मग मागच्या वेळेसारखी फुकटच सांभाळीन.

आकडेमोड:
उत्तर ‘नाही’ असे आहे, पण त्याला एक ‘परंतु’ जोडलेला आहे. ऑगस्टपूर्वीचा खर्च सोडून द्या, कारण तेव्हा पत्नी नोकरीही करत नव्हत्या आणि शिकतही नव्हत्या. सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांची फीच 5,200 डॉलर होते, तेव्हा त्या पावत्यांवर पूर्ण 5,000 परत मागता येतील. मात्र त्यातली करमुक्त रक्कम दोघांपैकी ज्याची कमाई कमी त्याच्या कमाईपेक्षा जास्त असू शकत नाही. एक मूल असताना पूर्णवेळ विद्यार्थी जोडीदाराची कमाई महिना 250 डॉलर मानतात, आणि वर्षातल्या किमान पाच महिन्यांत काही काळ तरी पूर्णवेळ शिक्षण चालू असावे लागते. ऑगस्ट ते डिसेंबर हे पाच महिने होतात, म्हणून 1,250 डॉलर करमुक्त राहतील. उरलेले 3,750 फॉर्म 2441 च्या तिसऱ्या भागातून आपल्या उत्पन्नात मिळवले जातील. आपण 22 टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर त्यावर 825 डॉलर केंद्रीय कर बसेल. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नसल्याने तो प्रश्न येत नाही.

2026 पासून या खात्याची कौटुंबिक मर्यादा 7,500 डॉलर होत आहे, म्हणून सहकारी पूर्ण रक्कम भरतील. आपण तसे करू नये. पत्नी पुढच्या वर्षी नऊ महिने पूर्णवेळ शिकणार असतील, तर करमुक्त रक्कम 2,250 च्या पुढे जाणार नाही.

मीनल_ऑस्टिन:
विषय निघालाच आहे म्हणून विचारते: पुण्यात केलेल्या रूट कॅनालची पावती आरोग्याच्या एफएसएला चालते का?

शंकासुर:
चालते. उपचार तेथे कायदेशीर असला आणि पावतीवर रुग्णाचे नाव, तारीख, उपचार व रक्कम असली म्हणजे झाले. तेथून औषधे मात्र इकडे आणून त्यांचा दावा करू नका.

डॅलसवासी:
पावत्या आज मागितल्या. डेकेअरच्या बाई तारखा लिहून द्यायला तयार आहेत, परंतु कर-क्रमांक देत नाहीत. आता?

आकडेमोड:
फॉर्म डब्ल्यू-10 छापून त्यांना द्या, तो त्यासाठीच आहे. तरीही त्यांनी नकार दिला तर त्यांचे नाव आणि पत्ता फॉर्म 2441 वर लिहून, आपण क्रमांक मागितला होता व तो मिळाला नाही, असे निवेदन विवरणासोबत जोडा. मागितल्याचा ईमेल जपून ठेवा.