उपासना संपली की मी ऑर्गन वाजवते आणि मंडळी गप्पा मारते. तुमच्याकडे काय करतात?

नगरची पायपेटी:

जय ख्रिस्त आणि नमस्कार. इथे वाजवणारे आणि ऐकणारे दोन्ही आहेत म्हणून विचारते.

मी मूळची नगरची. (नाव बदललंय, ठाऊक आहे. तोंडात नगरच बसलंय.) गेली नऊ वर्षं इंग्लंडात, श्रॉपशायरमधल्या एका खेड्यात राहते. आठवडाभर औषधांच्या दुकानात आणि रविवारी सकाळी गावच्या अँग्लिकन चर्चमध्ये ऑर्गनवर. ऑर्गन म्हटल्यावर नाट्यसंगीतवाल्यांना बालगंधर्वांच्या साथीचा ऑर्गन आठवेल. मीही तशाच एकावर शिकले, मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या पायपेटीवर. त्यात पितळी पत्त्या असतात आणि पाय चालतात ते भात्यासाठी. हा नळ्यांचा. हवा विजेवर भरली जाते आणि पायांखाली सुरांची अख्खी रांग असते. आईला हे अजून पटत नाही. फोनवर विचारते, "भाता मारून पाय दुखत नाहीत का गं?"

आमचा ऑर्गन लहानसा आहे, हातांसाठी पट्ट्यांच्या दोन रांगा आणि चौदा स्टॉप (वेगवेगळ्या आवाजाच्या नळ्या चालू-बंद करायचे खटके). बाजूला जुना लाकडी दांडा आहे. वीज नव्हती तेव्हा पोरं तो हलवून हवा भरायची, आणि उपदेश लांबला की तिथेच चाकूने नावाची अक्षरं कोरत बसायची.

तर प्रश्न. आशीर्वचन झालं, शेवटचं गीत झालं, की ऑर्गनवर एक स्वतंत्र रचना वाजवायची इथली रीत आहे. तिला व्हॉलंटरी म्हणतात. मागच्या महिन्यात मी बोएलमान या फ्रेंच संगीतकाराची टोकाटा (बोटांचा वेग दाखवणारी रचना) बसवली, त्याच्या १८९५च्या 'गॉथिक सुइट' या रचनामालेतली. चारच मिनिटांची, पण सहा आठवडे घासली. चर्चमध्ये हीटर फक्त रविवारी लागतो, म्हणून बोटं कापलेले हातमोजे घालून. रविवारी सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत मागून हशा, कपबश्या, कुत्र्याचं भुंकणं (हो, कुत्रीही येतात). तिसऱ्या पानावर एक बाई येऊन ऑर्गनला रेलल्या आणि म्हणाल्या, "मंगळवारी फुलांची माझी पाळी तू करशील का?" दोन्ही हात, दोन्ही पाय गुंतलेले. मी मान हलवली. मंगळवारी फुलं लावली.

पाळकबाईंकडे गाऱ्हाणं केलं. त्या म्हणाल्या, "माणसं एकमेकांशी बोलतात, तीच तर मंडळी." यावर काय बोलणार? मागच्या बाकावर दोन आजोबा आहेत, दोघंही एकटे राहतात. त्यांचं आठवड्यातलं सगळं बोलणं माझ्या त्या चार मिनिटांत होतं.

आणि खरं सांगू, 'मी देवासाठी वाजवते' हे मी सगळ्यांना सांगते, पण ते पूर्ण खरं नाही. देवासाठीच असतं तर मी मंगळवारी फुलं लावताना वाजवलं असतं. मला ऐकायला माणसं हवी आहेत. हे मागणं गैर आहे का?

ठाकूरद्वारचा श्रोता:

ताई, भैरवी सुरू झाली की आमच्याकडे अर्धी सभा चपला शोधते. आणि मंगल कार्यालयात सनई कोण ऐकतं? पण सनई बंद करून बघा, मग सगळे विचारतील, "काय झालं?"

एक गंमत सांगतो. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने मुद्दाम 'फर्निचर-संगीत' रचलं होतं, खुर्चीटेबलासारखं नुसतं असावं, कुणी लक्ष देऊ नये असं. १९२० साली पॅरिसमध्ये मध्यंतरात ते वाजवायला घेतलं, तर लोक परत जागेवर येऊन गुपचूप ऐकत बसले. साती ओरडत फिरला, "बोला, चाला, ऐकू नका!" तुम्ही तसं जाहीर करून बघा.

नगरची पायपेटी:

काका, सनईवाल्याला सुपारी घेतानाच माहीत असतं की पंगती उठणार आहेत. शिवाय त्याला जेवण मिळतं. मला कोमट चहा मिळतो, कारण मी पोचते तेव्हा किटली तळाला लागलेली असते.

वसईवाला:

आमच्या कॅथलिक मिस्सेत शेवटी "जा" असं सांगितलं जातं. तिथे विधी संपला. त्यानंतरचं संगीत विधीच्या पुस्तकात नाहीच, म्हणजे लोक बोलले तर अपमान होत नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तर आमच्या नियमाने ऑर्गन एकटा वाजवायचाच नाही, फक्त गाण्याला आधार म्हणून. त्यातला चौथा रविवार आणि मोठे सण तेवढे सोडून. त्या दिवसांत लोक नुसतेच बाहेर पडतात. गप्पा मात्र तेवढ्याच, फक्त ओट्यावर.

लाइपझिगकर:

मी गायक नाही की वादक नाही, पण इथे अकरा वर्षं रविवारी जातो, आधी थंडीपासून बचाव म्हणून, आता सवयीने. जर्मनीत पुष्कळ चर्चमध्ये शेवटचं वादन होईपर्यंत माणसं बसून असतात. संपलं की काही ठिकाणी टाळ्याही पडतात. हे लोक जास्त भाविक आहेत म्हणून नव्हे. मी नीट पाहिलंय, पाळक स्वतः खाली बसतात. इंग्लंडात मी गेलो तिथे पाळक थेट दाराशी जाऊन हस्तांदोलनाला उभे. मग मंडळी रांग लावणारच, आणि रांगेत माणूस गप्प राहत नाही. रेशनच्या रांगेत राहतो का?

आणि बाखसारख्या थोर जर्मन संगीतकाराचं तरी सगळे मुकाट ऐकायचे, असा गैरसमज नको. आर्नश्टाट गावात तो तरुणपणी ऑर्गनवर होता तेव्हा चार आठवड्यांची रजा काढून बुक्सटेहुडे या बुजुर्ग ऑर्गनवादकाला ऐकायला ल्यूबेकला चालत गेला, चारेकशे किलोमीटर, आणि चार महिन्यांनी उगवला. १७०६च्या फेब्रुवारीत चर्चच्या मंडळाने त्याला बोलावून झापलं. गीतांमध्ये विचित्र सूर मिसळतोस, मंडळी गोंधळून जाते. त्याच चौकशीत एकाने असंही सांगितलं की बाख आधी फार लांब वाजवायचा, अधीक्षकांनी टोकल्यावर दुसऱ्या टोकाला जाऊन फारच थोडं वाजवू लागला. थोडक्यात, रुसला. तुम्ही चांगल्या संगतीत आहात, ताई.

कंपनसंख्या:

ध्वनीचं काम करतो, म्हणून त्या बाजूने. १९११ मध्ये एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरने लिहून ठेवलं की भोवताली आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. त्याला ठरवावं लागत नाही. तुम्ही टोकाटासाठी मोठे स्टॉप ओढले की दोन्ही आजोबा ओरडूनच बोलणार. ते उद्धट नाहीत, त्यांचे कान त्यांना तसं करायला लावतात. मग तुम्हाला वाटतं अजून जोर हवा. त्यात दगडी भिंती, सूर सोडला तरी घुमत राहतो, त्यावर चाळीस माणसं. ही चढाओढ तुम्ही जिंकाल, पण ऐकणारं कुणी उरणार नाही.

उलट करून बघा. बासरीसारख्या आवाजाचा एखादा आठ फुटी (म्हणजे सर्वात लांब नळी सुमारे आठ फुटांची असलेला) स्टॉप, बाकी सगळे बंद, आणि मधे जागा सोडा. पहिली दोन मिनिटं कुणाला कळणारही नाही. पण आवाज चढवायला कारणच उरत नाही, गप्पा हळूहळू खाली येतात. हॉटेलांच्या जेवणघरात आम्ही हेच मोजतो.

आणि चहाचं टेबल कुठे आहे? माझ्या मते निम्मा प्रश्न तिथेच आहे.

नगरची पायपेटी:

चहाचं टेबल मागे, बाप्तिस्म्याच्या कुंडाशेजारी. ऑर्गन पुढे, डाव्या हाताला. म्हणजे आशीर्वचन झालं की सगळी मंडळी माझ्याकडे पाठ करून चालायला लागते. नऊ वर्षांत हे डोक्यात आलं नव्हतं.

नगरला लहानपणी आम्ही तरी काय वेगळं करत होतो म्हणा. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन टाळ-तबल्यावर रंगायचं तेव्हा सगळे गात, आणि शेवटी पेटीवाले मास्तर एकटेच काही वाजवत बसले की आम्ही पोरं पटांगणात. मास्तरांचं तोंड काही आठवत नाही. पाठ आठवते.

असो. लाइपझिगकर दादांचं ऐकलं. पाळकबाईंना म्हटलं, एकच रविवार, दाराशी जाऊ नका, पहिल्या बाकावर बसा. टोकाटा नाही, तीनेक मिनिटांचं काही वाजवते. त्या हसल्या, पण बसल्या.

बाखचं 'ऑर्गेलब्युखलाइन' हे चर्चच्या गीतांवरच्या ऑर्गन-रचनांचं पुस्तक काढलं. १६४ गीतांवर लिहायचं ठरवून त्याने ४६ लिहिली. त्यातलं 'इन दिर इस्ट फ्रॉइडे', म्हणजे तुझ्यात आनंद आहे. आशीर्वचन झालं, मंडळी सवयीने अर्धी उठली, पाळकबाई बसलेल्या पाहून थबकली, काही परत बसली. उभं राहावं की बसावं, हा गोंधळ मला आरशात दिसत होता. (ऑर्गनवर मोटारीसारखा आरसा असतो, पाळकांकडे बघायला.) चहावाल्या बाई किटली हातात धरून पुतळ्यासारख्या. मागच्या बाकावरचे दोघंही गप्प.

आणि मी घाबरले. नऊ वर्षं कुणी ऐकत नव्हतं, आता अख्खं चर्च ऐकतंय! त्या रचनेत पायांत तोच तोच फेरा फिरून येत राहतो, डोळे मिटून वाजवता येतो. तिसऱ्या वेळी पाय शेजारच्या पट्टीवर पडला. तो खालचा सूर, लाकडी नळीचा, नको तिथे चांगला भोंगा वाजला. गप्पा चालू असत्या तर एकालाही कळलं नसतं.

नंतर चहाला त्या दोघांपैकी एक आजोबा जवळ आले. म्हणाले, "ते मधलं मुद्दाम होतं का?"

आता ठरलंय असं: महिन्यातून एक रविवार पाळकबाई बसतील. बाकीच्या रविवारी बोएलमान, आणि ज्याला बोलायचंय त्याने बोलावं. कंपनसंख्या, बासरीचा स्टॉप या रविवारी करून बघते. आमच्याकडे आठ फुटी दोन आहेत, एक गोड आहे आणि एकाचा वरचा सा गळतो. गळका चालेल का, की गप्पांत तोही लपणार नाही?