पक्ष नको, पण टाऊनच्या कारभारात भाग घ्यायचाय, कसं जमवायचं? (न्यू जर्सी)

निळीशाई:
नमस्कार मंडळी. आम्ही सेंट्रल जर्सीत बरीच वर्षं आहोत, सिटिझनशिप मागच्या वर्षी झाली आणि लगेच मतदार म्हणून नाव नोंदवलं. फॉर्मवर पक्षाच्या रकान्यात कुठलाच पक्ष लिहिला नाही, म्हणजे अनअफिलिएटेड. दोन्हीकडचं थोडं पटतं थोडं नाही आणि कुणाचा शिक्का मारून घ्यायची इच्छा नाही. आता झालंय असं की आमच्या घरांमागे मोठं शेत आहे तिथे वेअरहाऊस बांधायचा अर्ज आलाय, परवा सर्टिफाइड मेलने पत्र आलं की प्लॅनिंग बोर्डासमोर (बांधकामाचे अर्ज तपासणारं टाऊनचं मंडळ) सुनावणी आहे. ज्या रस्त्याने ट्रक जाणार त्याच रस्त्याच्या कडेला सकाळी मुलं स्कूलबससाठी उभी असतात. शेजारी म्हणतात इथे पक्षाच्या माणसांचंच चालतं, तुमचं कोण ऐकणार, आधी पक्षात नाव घाला मग बोला. खरंय का हे? पक्षाबाहेर राहून टाऊनशिप, स्कूल बोर्ड या लेव्हलला काही करता येतं की नुसतं नोव्हेंबरमध्ये मत टाकून यायचं? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा, मला खरंच यात पडायचंय.

मधलीगल्ली:
ताई, आधी ते पत्र नीट जपून ठेवा. जर्सीत जागेपासून २०० फुटांच्या आत ज्यांची प्रॉपर्टी आहे त्यांना सुनावणीच्या निदान १० दिवस आधी कळवावंच लागतं, म्हणून ते तुमच्याकडे आलंय. आणि तिथे तुमचा पक्ष कुणी विचारत नाही. नाव-पत्ता सांगायचा, शपथ घ्यायची, बोलायचं.

पण बोलायचं कधी आणि काय हे फार महत्त्वाचं आहे. लोक काय करतात, मेयरला फेसबुकवर टॅग करतात, शे-दोनशे सह्यांचं निवेदन घेऊन येतात, आणि बोर्डाचे वकील सांगतात की हे विचारात घेता येणार नाही, कारण सही करणाऱ्यांना कुणी उलट प्रश्न विचारू शकत नाही. बोर्डाने सुनावणीत रेकॉर्डवर आलेल्या गोष्टींवरच निर्णय द्यायचा असतो. अर्जदाराचे एक्स्पर्ट येतात, इंजिनियर, ट्रॅफिकवाला, प्लॅनर, एकेकाची साक्ष झाली की पब्लिकला त्याला प्रश्न विचारता येतात. त्या वेळी फक्त प्रश्न, भाषण नाही. आपलं म्हणणं मांडायची वेळ नंतर वेगळी असते. हे माहीत नसलेला माणूस पहिल्याच साक्षीला उठून पोटतिडकीने बोलायला लागतो, चेअरमन थांबवतात, तो चिडून घरी जातो आणि जेव्हा बोलायची वेळ येते तेव्हा खोलीत चार माणसं उरलेली असतात. मला दर वेळी वाईट वाटतं कारण त्याचा मुद्दा बरोबर असतो.

अजून एक. अर्ज प्लॅनिंग बोर्डाकडे आलाय म्हणजे बहुतेक त्या झोनमध्ये, म्हणजे जमिनीचा वापर ठरवून दिलेल्या त्या भागात, वेअरहाऊसला आधीच परवानगी आहे. परवानगी नसती तर प्रकरण झोनिंग बोर्डाकडे गेलं असतं आणि युज व्हेरियन्सला, म्हणजे झोनमध्ये न बसणाऱ्या वापराच्या खास परवानगीला, सातपैकी पाच मतं लागली असती. परवानगी असेल तर बोर्डाला सरळ नाही म्हणायला फार जागा नसते, मग गेट कुठल्या रस्त्याला, झाडांचा पट्टा किती रुंद, दिवे, आवाज, पाण्याचा निचरा यावरच जोर लावायचा. त्यात बरंच मिळवता येतं. पण ती जागा वेअरहाऊसची कधी झाली? तर मास्टर प्लॅन (टाऊनच्या जमिनीचा एकूण आराखडा) आणि झोनिंगचा ऑर्डिनन्स (टाऊनचा नियम) झाला तेव्हा. मास्टर प्लॅनचा फेरआढावा निदान दर १० वर्षांनी घ्यावा लागतो आणि त्या मीटिंगला चिटपाखरू नसतं. पक्ष नसलेल्या माणसाने खरं तिथे जाऊन बसायला पाहिजे, कारण तिथे आलेल्या एका माणसाचंही नीट ऐकलं जातं.

हडसनकाठ:
वरचं सगळं मान्य, पण शेजाऱ्यांचं म्हणणंही अगदीच उडवून लावू नका. प्लॅनिंग बोर्डावर माणसं नेमतं कोण? मेयर आणि कौन्सिल. ते निवडून कसे येतात? जिथे एकाच पक्षाचा जोर आहे तिथे जूनच्या प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीतच, निकाल लागलेला असतो, नोव्हेंबर नावापुरता. मी न्यूयॉर्क सिटीत आहे, इथे प्रायमरी क्लोज्ड, पक्षात नोंद नाही तर बॅलट मिळत नाही, आणि पक्ष बदलायचा तर १४ फेब्रुवारीच्या आत फॉर्म द्यावा लागतो. लोक जूनमध्ये जागे होतात तोवर उशीर झालेला असतो.

जर्सी त्या मानाने सोपी आहे. अनअफिलिएटेड मतदार प्रायमरीच्या दिवशी बूथवर जाऊन पक्ष सांगू शकतो आणि मत देऊ शकतो. तुमची नोंद त्या पक्षात होते, पण नंतर फॉर्म भरून परत अनअफिलिएटेड होता येतं. माझं स्पष्ट मत आहे की टाऊनसाठी एवढं करावं, विचार आपलेच राहतात.

निळीशाई:
@हडसनकाठ हे माहीत नव्हतं, थँक्स. पण मनाला अजून पटत नाहीये, एक दिवसासाठी का होईना नाव लागणारच ना. विचार करते.

बॉस्टनची_थंडी:
आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये निम्म्याहून खूप जास्त मतदार कुठल्याच पक्षात नोंदलेले नाहीत, अनएनरोल्ड म्हणतात. स्टेट प्रायमरीला यायचं, कुठल्याही एका पक्षाचा बॅलट मागायचा, मत द्यायचं, नोंद तशीच राहते. त्यामुळे इथे कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आणि छोट्या गावांत ओपन टाऊन मीटिंग असते, ती एकदा बघण्यासारखी आहे. शाळेच्या जिममध्ये खुर्च्या मांडतात, दारात मतदारयादीतलं नाव तपासून हातात रंगीत कार्ड देतात, आणि गावाचं बजेट, फायर ट्रक घ्यायचा की नाही, झोनिंग बदलायचं की नाही, यावर तिथल्या तिथे कार्ड वर करून मतदान. नोंदणीकृत मतदार असलात की झालं, तुमचं एक मत आणि वीस वर्षं कमिटीवर असलेल्या माणसाचंही एकच. बोलायचं ते मॉडरेटरकडे बघून, समोरच्याचं नाव घेऊन भांडायचं नाही. वार्षिक मीटिंगच्या अजेंड्यावर, ज्याला वॉरंट म्हणतात, विषय घालायला फक्त १० मतदारांच्या सह्या पुरतात. दहा! आमच्या गल्लीतल्या लोकांनी फुटपाथचा विषय असाच घातला होता. पहिल्या वर्षी पडला, पण फायनान्स कमिटीने खर्चाचा मुद्दा काढला होता तो पुढच्या वर्षी सोडवून आणला तर पास झाला.

किनाराकर:
कॅलिफोर्नियातून एक सावधगिरीची सूचना, नवीन सिटिझन झालेल्यांसाठी. इथे कुठल्याच पक्षात नसायचं तर फॉर्मवर नो पार्टी प्रेफरन्सवर खूण करायची. अमेरिकन इंडिपेंडंट हा एक वेगळाच पक्ष आहे, १९६०च्या दशकातला, कडव्या उजव्या विचारांचा, आणि नावातलं इंडिपेंडंट बघून कितीतरी लोक नकळत त्यात नोंदले गेलेत. आपली नोंद ऑनलाइन बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

बाकी सिटी कौन्सिल, स्कूल बोर्ड, काउंटी सुपरवायझर या जागांच्या बॅलटवर इथे पक्षाचं नाव छापतच नाहीत. ब्राउन अ‍ॅक्ट म्हणून १९५३ पासूनचा कायदा आहे, नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो आणि लोकांना बोलू द्यावं लागतं.

ग्रीनकार्डवाला:
माझ्यासारख्याचं काय? मत नाही, पण टॅक्स भरतो, मुलं इथल्याच शाळेत आहेत. न्यूयॉर्क सिटीत, क्वीन्समध्ये राहतो.

हडसनकाठ:
@ग्रीनकार्डवाला भरपूर करता येतं. पब्लिक कमेंटला बोलायला सिटिझन असावं लागत नाही. न्यूयॉर्क सिटीत ५९ कम्युनिटी बोर्ड आहेत, तिथे सभासद व्हायला त्या भागात राहणं किंवा काम करणं पुरतं, बरो प्रेसिडेंट (शहराच्या त्या विभागाचे निवडून आलेले प्रमुख) नेमणूक करतात, अर्ज मागवतात तेव्हा भरा. अधिकार सल्ला देण्याइतकाच आहे, पण झोनिंग, लिकर लायसन्स हे सगळं आधी त्यांच्यासमोर येतं. शिवाय काही कौन्सिल मेंबर आपल्या भागातल्या निधीचा काही वाटा लोकांच्या मतदानाने खर्च करतात, त्यात सिटिझन नसलेले रहिवासी पण मत देऊ शकतात. फक्त डीएमव्हीमध्ये (ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात) कुणी मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे केला तर चुकूनही सही करू नका, पुढे सिटिझनशिपला मोठा त्रास होतो.

मधलीगल्ली:
स्कूल बोर्डाचं राहिलंच. जर्सीत ती निवडणूक बिनपक्षाची असते आणि प्रॉपर्टी टॅक्सचा सगळ्यात मोठा वाटा शाळांनाच जातो, तरी लोक बॅलटच्या त्या भागापर्यंत पोचतच नाहीत. याचा मला मनापासून राग येतो. बजेटची सुनावणी वसंतात असते, तिला जा.

निळीशाई:
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मी ठरवलंय की सुनावणीला तिघी-चौघी मिळून जायचं आणि प्रश्न वाटून घ्यायचे. प्रायमरीचं बघू. नकाशे आधी बघायला मिळतात का, आणि त्यात नेमकं काय बघायचं?

मधलीगल्ली:
मिळतात, सुनावणीच्या १० दिवस आधी कागद बघायला ठेवावे लागतात, बोर्डाच्या सेक्रेटरीला फोन करा, बऱ्याच टाऊन वेबसाइटवरही टाकतात. सगळ्यात आधी ट्रॅफिक स्टडी काढा आणि गाड्या कोणत्या तारखेला, किती ते किती वाजता मोजल्या ते बघा. शाळेच्या सुट्टीत मोजल्या असतील किंवा स्कूलबसची वेळ सुटली असेल तर तुमच्यापैकी एकीचा प्रश्न तयार आहे. साक्षीदाराला तो प्रश्नच विचारा, मग पुन्हा मोजणी करून आणायची अट घालायला बोर्डाकडे कारण असतं.