मदत हवी आहे : चार वर्षांच्या स्मार्टवॉचची बॅटरी बदलावी, की नवे घड्याळ घ्यावे?

नमस्कार. मी रावेर तालुक्यात राहतो. सकाळी कनिष्ठ महाविद्यालयात लिपिकाची नोकरी आणि उरलेल्या वेळात चार एकर केळीची बाग, असा माझा दिनक्रम आहे. 2021 च्या दिवाळीत मुलाने मला एक स्मार्टवॉच दिले. (कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिले की चर्चा बॅटरी सोडून कंपनीवरच जाते.) ते माझ्या अँड्रॉइड फोनला जोडलेले असून अजून व्यवस्थित चालते. तक्रार एकच आहे. सुरुवातीला एकदा चार्ज केले की दोन दिवस निघत असत; आता सकाळी सहाला शंभर टक्के भरलेले घड्याळ दुपारी तीनच्या सुमारास मान टाकते.

एवढ्यावरून मी धागा काढला नसता. परंतु मागे रात्रीच्या विजेची पाळी असताना, बागेच्या एका भागाचे ठिबक बंद करून दुसऱ्या भागाचा व्हॉल्व्ह उघडण्यासाठी मी घड्याळात रात्री दोनचा गजर लावला होता. मनगटावर थरथरणारा गजर घरातील इतरांची झोप मोडत नाही, म्हणून मला तोच सोयीचा वाटतो. संध्याकाळी चार्ज केलेले घड्याळ दोनच्या आधीच बंद पडले, मला जाग आली ती पहाटे साडेपाचला आणि तोवर वीज गेलेली होती. ऐन निसवणीत, म्हणजे केळीचे घड बाहेर पडण्याच्या काळात, अर्धी बाग कोरडी राहिली आणि घरच्यांचे बोलणे ऐकावे लागले ते निराळेच.

मुलाचे म्हणणे आहे की आता अ‍ॅपलचे घड्याळ घ्यावे, म्हणजे त्यात ईसीजीही (हृदयाच्या ठोक्यांचा आलेख) काढता येईल. आमच्या आप्पांना हृदयाचा त्रास होता आणि मीही पन्नाशी ओलांडली आहे, त्यामुळे त्याची काळजी मला कळते. मात्र अ‍ॅपलचे घड्याळ आयफोनशिवाय चालू करता येत नाही, म्हणजे घड्याळासाठी आधी फोन बदलणे आले. त्यांच्या स्वस्त एसई प्रकारात तर ईसीजी नसतेच. सॅमसंगच्या घड्याळात ईसीजी आहे, पण ते वापरण्यासाठी सॅमसंगचाच फोन लागतो आणि माझा फोन दुसऱ्या कंपनीचा आहे. घोड्यापेक्षा नाल महाग, अशी ही गत आहे.

मी प्रामाणिकपणे हिशेब केला, तेव्हा चार वर्षांत घड्याळाचे चारच उपयोग मी नियमितपणे केल्याचे लक्षात आले. वेळ पाहणे, गजर, नाडीचे ठोके आणि बागेत हात चिकाने माखलेले असताना खिशातला फोन न काढता कोणाचा फोन आला आहे हे पाहणे. झोपेचे गुण आणि श्वासाचे व्यायाम मी पहिल्या महिन्यानंतर उघडून पाहिलेले नाहीत.

जळगावच्या एका दुरुस्तीवाल्याने बॅटरी बदलण्याचे 2,800 रुपये सांगितले आहेत. माझी खरी शंका पुढे आहे. घड्याळ एकदा उघडल्यावर त्याची पाण्यापासूनची सुरक्षितता पूर्वीसारखी राहते का? फवारणी आणि ठिबकची दुरुस्ती करताना मनगट भिजतेच. दुसरे असे की, वैशाखात दुपारी शेतावरून येऊन पत्र्याच्या खोलीत घड्याळ चार्जरवर ठेवले, तर ते तापमान जास्त असल्याची सूचना देऊन चार्जिंग थांबवते. बॅटरी या उन्हानेच लवकर गेली असेल, तर नव्या घड्याळाचेही तेच होईल, नाही का?

प्रतिसाद

भाऊ, मी धुळ्यात मोबाइल आणि घड्याळे दुरुस्त करतो. तुमचा अंदाज बरोबर आहे. लिथियम-आयन बॅटरी वयाने झिजतेच, पण उष्णतेने ती झीज फार वाढते. अ‍ॅपलनेही आपली घड्याळे 0 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात वापरण्यास सांगितले आहे आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. त्यामुळे घड्याळ कोणतेही असले, तरी ते रात्री किंवा पहाटे गारव्यात चार्ज करा.

खर्च करण्यापूर्वी सतत उजळ राहणारा पडदा आणि रात्रभर चालणारे रक्तातील ऑक्सिजनचे मापन बंद करून दोन दिवस पाहा. काच किंवा मागचे झाकण उचललेले दिसले, तर बॅटरी फुगली आहे असे समजून वापर तत्काळ थांबवा. घड्याळ उघडले की कडेचा चिकट थर तुटतो. तो नवा लावावा लागतो आणि नंतर हवेच्या दाबाने तपासणी करावी लागते. ज्याच्याकडे तपासणीचे यंत्र नाही, त्याच्याकडे घड्याळ देऊ नका. तपासणी झाली तरी पुढे हातावर उडालेले पाणी चालेल, पण विहिरीत पोहताना ते काढून ठेवा.

ईसीजीविषयी एक सांगतो. बोट टेकवून तीस सेकंदांत निघणारा तो आलेख एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने पाहणारा असतो. ठोक्यांची अनियमितता त्यात सापडू शकते, हृदयविकाराचा झटका सापडत नाही; अ‍ॅपल स्वतःच तसे सांगते. छातीत दुखले, तर घड्याळ न पाहता दवाखाना गाठावा.

धागाकर्ता

दादा, आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे दोन्ही सोयी बंद करून पाहिल्या. घड्याळ आता रात्री नऊपर्यंत पोहोचते, परंतु दोनच्या गजरापर्यंत नाही. काच आणि झाकण सपाट आहेत. जळगावच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला, तेव्हा त्याच्याकडे दाबाचे यंत्र नसल्याचे त्याने सरळ कबूल केले, म्हणून धुळ्याला येऊनच बॅटरी बदलून घेण्याचे ठरवले आहे. मुलाला तसे कळवले असून, नव्या घड्याळाच्या वाचलेल्या पैशांतून हृदयरोगतज्ज्ञांकडे संपूर्ण तपासणी करून घेण्याचे मी मान्य केले आहे. तोवर रात्रीचा गजर फोनवर लावून फोन उशाखाली ठेवतो. एक शेवटची शंका उरली आहे. केळफूल मोडताना पडलेल्या चिकाने सिलिकॉनच्या पट्ट्यावर काळे डाग पडले आहेत आणि ते साबणाने, रॉकेलनेही गेले नाहीत. कोणाला उपाय ठाऊक असल्यास कृपया लिहावा, अन्यथा पट्टाही बदलून घेईन.